जॉन डिलोरियन: नियमातली फट शोधून मसल कारची लाट आणणारा इंजिनिअर

फोनवर कुठलाही मोठा रेसिंग गेम उघडा. गॅरेजमध्ये लांब बॉनेटची, दोन दरवाज्यांची, स्टार्ट केली की गुरगुरणारी एखादी जुनी अमेरिकन गाडी हमखास सापडते. फास्ट अँड फ्युरियसमध्ये डॉमिनिक चालवतो ती 1970 ची डॉज चार्जर याच जातीतली. या गाड्यांना मसल कार म्हणतात.

गंमत बघा. आजच्या कित्येक इलेक्ट्रिक गाड्या सिग्नलवरून सुटताना या गाड्यांना सहज मागे टाकतील. ब्रेक, मायलेज, सेफ्टी, कशातच जुन्या मसल कार आजच्या गाड्यांसमोर टिकत नाहीत. तरी साठ वर्षांनंतरही त्यांची क्रेझ आहे. असं का? याचं उत्तर जॉन डिलोरियन नावाच्या इंजिनिअरच्या आयुष्यात सापडतं. त्याचं नाव तुम्ही बॅक टू द फ्युचरमधल्या टाइम मशीनमुळे ऐकलं असेल. पण त्याचं खरं मोठं काम त्याच्या वीस वर्षं आधीचं आहे.

मसल कार म्हणजे नेमकं काय?

फॉर्म्युला एका ओळीचा आहे: मध्यम आकाराची, परवडणारी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही8 इंजिन बसवायचं. व्ही8 म्हणजे आठ सिलिंडर, चार एका बाजूला आणि चार दुसऱ्या बाजूला, इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरके. सिलिंडर मोठे, म्हणून टॉर्क जास्त. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. घट्ट बसलेला नट सोडवायला छोट्या पान्यापेक्षा लांब पाना बरा पडतो, तोच हा जोर. मोठ्या व्ही8 मध्ये तो कमी आरपीएमलाच मिळतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला की पाठ सीटला चिकटते.

वेगवान अमेरिकन गाड्या त्याआधीही होत्या. 1949 ची ओल्ड्समोबाइल रॉकेट 88 हे त्यातलं गाजलेलं नाव. पण मसल कारची लाट सुरू झाली ती 1964 च्या पॉन्टिॲक जीटीओपासून, आणि ती गाडी आली डिलोरियनच्या टीममधून.

फाउंड्री कामगाराचा मुलगा

डिलोरियनचा जन्म 6 जानेवारी 1925 चा, डेट्रॉइटमधला. वडील रोमानियातून आलेले, फोर्डच्या फाउंड्रीत कामाला. घरात पैसा कमी, वडिलांचं पिणं जास्त. पुढे आई-वडील वेगळे झाले. मुलगा मात्र हुशार. कॅस टेक्निकल हायस्कूल, मग लॉरेन्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. मध्ये दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती झाल्यामुळे शिक्षण थांबलं. परत येऊन त्याने 1948 मध्ये डिग्री पूर्ण केली.

नंतर क्रायस्लरच्या संस्थेतून मास्टर्स केलं आणि पॅकार्ड या कंपनीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर काम केलं. 1956 मध्ये तो जनरल मोटर्सच्या पॉन्टिॲक विभागात आला. पॉन्टिॲकची इमेज तेव्हा म्हाताऱ्यांची गाडी अशी होती. विभागाचे प्रमुख बंकी नुडसन यांना ती बदलायची होती, आणि त्यासाठी त्यांनी रेसिंगचा रस्ता धरला. पॉन्टिॲक शर्यती जिंकायला लागली, शोरूममध्ये तरुण दिसायला लागले. 1961 मध्ये डिलोरियन पॉन्टिॲकचा चीफ इंजिनिअर झाला.

आणि 1963 च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने सगळ्या विभागांना रेसिंग बंद करायला सांगितलं. ज्या गोष्टीवर पॉन्टिॲकची नवी ओळख उभी होती, तीच गेली.

टॉगल ऑन: जीटीओचा जन्म

पॉन्टिॲकची टेम्पेस्ट नावाची मध्यम आकाराची गाडी 1964 साठी नव्याने तयार होत होती. तिच्यासाठी 326 क्युबिक इंचाचं व्ही8 होतं. डिलोरियनच्या टीममधल्या बिल कॉलिन्सच्या लक्षात एक गोष्ट आली. पॉन्टिॲकच्या मोठ्या गाड्यांमधलं 389 क्युबिक इंचाचं, म्हणजे जवळपास 6.4 लिटरचं इंजिन बाहेरून त्याच मापाचं होतं आणि बसवायच्या जागाही त्याच होत्या. म्हणजे गाडीत काही न कापता ते सरळ बसणार!

अडचण नियमाची होती. जनरल मोटर्समध्ये मध्यम गाडीत 330 क्युबिक इंचापेक्षा मोठं इंजिन द्यायला मनाई होती. पण हा नियम मॉडेलला लागू होता. आधीच मंजूर झालेल्या मॉडेलवर ग्राहकाने पैसे मोजून घ्यायचं ऑप्शन पॅकेज असेल, तर हेड ऑफिसची वेगळी परवानगी लागत नव्हती.

आपल्या भाषेत सांगायचं तर, नवीन ॲप स्टोअरवर टाकायचं म्हटलं की रिव्ह्यू लागतो. म्हणून यांनी आधीच पास झालेल्या ॲपच्या सेटिंगमध्ये एक टॉगल वाढवला. टॉगल ऑन केला की ॲप पूर्ण वेगळंच!

पॉन्टिॲकचे तेव्हाचे प्रमुख पीट एस्टेस यांनी हो म्हटलं. टेम्पेस्टच्या लेमान्स मॉडेलवर सुमारे 300 डॉलर जादा भरले की जीटीओ पॅकेज मिळायचं: मोठं इंजिन, कडक सस्पेन्शन, हर्स्ट कंपनीचा गिअर शिफ्टर. इंजिन 325 हॉर्सपॉवरचं. तीन कार्ब्युरेटरवालं घेतलं तर 348. जीटीओ हे नावसुद्धा डिलोरियनने फेरारीच्या 250 जीटीओवरून सरळ उचललं, आणि युरोपातले फेरारीप्रेमी चिडले.

विक्री विभागाला विश्वास नव्हता, म्हणून सुरुवातीला फक्त 5,000 गाड्या ठरल्या. पहिल्याच वर्षी विकल्या गेल्या 32,450. पुढच्या वर्षी 75,352. 1966 मध्ये 96,946. कारण साधं होतं. महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी तेव्हा नुकतीच अठराची होत होती. त्यांना वेग हवा होता आणि युरोपियन स्पोर्ट्स कार परवडत नव्हती.

तेव्हाचा बेंचमार्क घोटाळा

फोन कंपन्या बेंचमार्क ॲप ओळखून तेवढ्यापुरता प्रोसेसर जोरात पळवतात, हे तुम्ही वाचलं असेल. ही ट्रिक फार जुनी आहे. मार्च 1964 मध्ये कार अँड ड्रायव्हर मासिकाने पॉन्टिॲक जीटीओ विरुद्ध फेरारी जीटीओ अशी स्टोरी केली आणि देशभर चर्चा झाली. बऱ्याच वर्षांनी पॉन्टिॲकच्या जाहिराती सांभाळणारे जिम वँगर्स यांनी कबूल केलं, की टेस्टला दिलेल्या गाडीत 389 ऐवजी 421 क्युबिक इंचाचं इंजिन गुपचूप बसवलं होतं. तरी जीटीओ खोटी ठरली नाही, कारण शोरूममधली साधी जीटीओ चालवून बघितली तरी माणूस खूश होत होता.

वर जाणारी लिफ्ट

1965 मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, डिलोरियन पॉन्टिॲकचा प्रमुख झाला. 1967 ला फायरबर्ड आली, 1969 ला जीटीओचं द जज हे भडक रंगाचं व्हर्जन. त्याच वर्षी त्याला शेव्हरोलेचं प्रमुखपद मिळालं, आणि 1972 मध्ये जनरल मोटर्सच्या अमेरिकेतल्या सगळ्या कार आणि ट्रक उत्पादनाची जबाबदारी.

पण राखाडी सूट घालणाऱ्या साहेबांच्या त्या कंपनीत लांब केस, उघड्या गळ्याचे शर्ट आणि सिनेतारकांसोबत फोटो असलेला हा माणूस बसत नव्हता. 1973 मध्ये त्याने नोकरी सोडली.

योगायोग म्हणजे मसल कारचा काळही तेव्हाच संपत होता. तरुणांच्या दणकट गाड्यांवर विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले होते. 1970 च्या क्लीन एअर ॲक्टमुळे धूर कमी करणं भाग होतं. शिशाविना पेट्रोल चालावं म्हणून 1971 पासून इंजिनांचं कॉम्प्रेशन कमी केलं गेलं. कॉम्प्रेशन म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटण्याआधी किती दाबलं जातं ते; ते उतरलं की ताकदही उतरते. 1973 च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि पंपांवर रांगा लागल्या. 1974 नंतर जीटीओ बंद झाली.

स्वतःची कंपनी, दुसऱ्यांची किंमत

1975 मध्ये डिलोरियनने स्वतःची कार कंपनी काढली. जीटीओवाला बिल कॉलिन्सही सुरुवातीला सोबत होता. डिझाइन इटलीच्या जुजारो यांचं, बॉडी रंग न दिलेल्या स्टेनलेस स्टीलची, दरवाजे पंखांसारखे वर उघडणारे. कारखाना उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ डनमरीला. तिथे दंगली आणि बेकारी दोन्ही होतं, म्हणून रोजगारासाठी ब्रिटिश सरकारने सुमारे 8 कोटी पौंड ओतले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट कामगार एका लाइनवर काम करायला लागले. त्या गावासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

1981 मध्ये गाडी आली. दिसायला भविष्यातली, पण मागे बसवलेलं इंजिन होतं प्यूजो, रेनॉ आणि व्होल्वो यांचं सामायिक व्ही6, फक्त 130 हॉर्सपॉवरचं. किंमत 25,000 डॉलर. पहिल्या गाड्यांमध्ये क्वालिटीच्या तक्रारी आल्या, अमेरिकेत मंदी होती, माल पडून राहिला. साधारण 9,000 गाड्या बनवून 1982 मध्ये सगळं संपलं. 2,500 च्या आसपास माणसं बेकार झाली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोकेनच्या सौद्यात सामील असल्याच्या आरोपावरून एफबीआयने डिलोरियनला लॉस एंजेलिसमध्ये पकडलं. 1984 मध्ये तो निर्दोष सुटला. सरकारी माणसांनीच त्याला जाळ्यात ओढलं हा बचाव ज्युरीने मान्य केला. कंपनीच्या पैशांच्या अफरातफरीच्या खटल्यातूनही तो 1986 मध्ये सुटला. पण कंपनी गेली, नाव गेलं. 1985 मध्ये बॅक टू द फ्युचर आला आणि बंद पडलेली गाडी जगभर हिट झाली. 1999 मध्ये डिलोरियनने दिवाळखोरी जाहीर केली. 19 मार्च 2005 रोजी तो गेला. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात त्याच्या थडग्याच्या दगडावर दरवाजे वर उघडलेली तीच गाडी कोरलेली आहे.

मग जीटीओच का टिकली?

माझ्या मते दोन्ही गाड्या शेजारी ठेवल्या की कळतं. जीटीओमध्ये जवळपास सगळे पार्ट आधीच बनत होते, तपासलेले होते, शेकडो डीलरकडे मिळत होते. डिलोरियनच्या टीमने फक्त योग्य जोडणी केली. दुसऱ्या गाडीत कारखाना नवा, कामगार नवे, गाडी नवी, आणि जाहिरातीत जे वचन होतं ते इंजिनमध्ये नव्हतं. जीटीओचं वचन मात्र बॉनेट उघडलं की डोळ्यांसमोर असायचं.

आणि ती मालकाच्या हातात असायची. कार्ब्युरेटर स्क्रूड्रायव्हरने सेट करा, दुसऱ्या पॉन्टिॲकचा पार्ट काढून बसवा, कोणी पासवर्ड विचारत नाही. 2022 मध्ये तर सीट गरम करायचं बटणसुद्धा काही गाड्यांमध्ये सबस्क्रिप्शनवर होतं, आणि ते आमच्यासारख्याच सॉफ्टवेअरवाल्यांनी बनवलं होतं. म्हणून जुन्या मसल कारचं आकर्षण मला फक्त नॉस्टॅल्जिया वाटत नाही. विकत घेतलेली वस्तू उघडून बघता यावी, समजावी, बदलता यावी, ही भूक त्यात आहे. फोन रूट करणाऱ्या किंवा जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकणाऱ्या मुलांना ती लगेच कळेल.

त्या ऑप्शन पॅकेजचा परिणाम अजून संपलेला नाही. 1964 आणि 1965 ची जीटीओ स्वतंत्र मॉडेल नव्हती, त्यामुळे गाडीच्या नंबरवरून ती जीटीओ आहे की साधी लेमान्स हे कळत नाही. साहजिकच नकली जीटीओ बाजारात आल्या. जाणकार खरेदीदार आजही पैसे देण्याआधी फॅक्टरीच्या जुन्या बिलाची नोंद मागवतात आणि टॉगल खरंच ऑन होता का ते तपासतात.