तराजूवर विश्वास ठेवणारे शास्त्रज्ञ : आंत्वान लव्हाझिए

विद्यार्थी मित्रांनो, ४ ग्रॅम हायड्रोजन ३२ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये पूर्ण जळाला, तर पाणी किती तयार होईल? ३६ ग्रॅम. बघा, वजन न करताच उत्तर आलं! हे आपण खात्रीने सांगू शकतो, त्यामागे आंत्वान लव्हाझिए यांचे कष्ट आहेत.

लव्हाझिए यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिस येथे झाला. वडील वकील, म्हणून त्यांनीही कायद्याचे शिक्षण घेतले. पण ओढा विज्ञानाकडे. १७६८ मध्ये ते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांनी राजासाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीत भागीदारी घेतली. त्या पैशातून त्यांनी अतिशय अचूक तराजू बनवून घेतले. पत्नी मारी-आन प्रयोगांच्या नोंदी ठेवत आणि आकृत्या काढत.

त्या काळी लोकांना वाटे की, जळताना पदार्थातून काहीतरी बाहेर पडते. मग धातू तापवल्यावर त्याचे वजन वाढते कसे? लव्हाझिए यांनी बंद भांड्यात कथील तापवले. भांड्याचे एकूण वजन जसेच्या तसे राहिले. भांडे उघडले, तेव्हा बाहेरची हवा आत शिरली आणि मगच वजन वाढले. म्हणजे काय, तर कथिलाने आतल्या हवेचाच काही भाग घेतला होता. हाच द्रव्य अक्षय्यतेचा नियम: अभिक्रियेपूर्वीचे आणि अभिक्रियेनंतरचे एकूण वस्तुमान सारखेच असते. १७८९ मध्ये त्यांनी आपल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात हा विचार स्पष्ट मांडला.

अणुवस्तुमाने पुढे डाल्टन यांच्या काळापासून ठरू लागली आणि आपले गणित सोपे झाले. पाण्यात हायड्रोजन व ऑक्सिजनचे वस्तुमानी प्रमाण १ : ८ असते. आता नीट लक्ष द्या बरं का! ४ ग्रॅम हायड्रोजनला ४० ग्रॅम ऑक्सिजन दिला, तर पाणी ४४ ग्रॅम होईल का? नाही. हायड्रोजन आधी संपेल, पाणी ३६ ग्रॅमच होईल आणि ८ ग्रॅम ऑक्सिजन उरेल. ३६ अधिक ८, हिशोब पुन्हा ४४!

मात्र ज्या करवसुलीच्या पैशाने तराजू आले, तीच त्यांच्या जिवावर उठली. फ्रेंच राज्यक्रांतीत करवसुली करणाऱ्यांवर लोकांचा प्रचंड राग होता. ८ मे १७९४ रोजी लव्हाझिए यांना गिलोटिनवर मृत्युदंड देण्यात आला. त्याच दिवशी त्यांचे सासरेही गेले. तेव्हा लव्हाझिए अवघे ५० वर्षांचे होते. पुढे मारी-आन यांनी त्यांचे अपुरे राहिलेले लेखन प्रसिद्ध केले.

आता वही काढा. ८ ग्रॅम हायड्रोजन पूर्ण जळायला ऑक्सिजन किती लागेल आणि पाणी किती मिळेल? उत्तर आल्यावर दोन्ही बाजूंची बेरीज नक्की जुळवून पाहा.