मोनॅकोचा राजा, विनापरवाना वैमानिक

वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत ज्यानं मोटार चालवलीच नव्हती, तो पुढं दोनदा मोटार शर्यतींचा जगज्जेता झाला, असं मी एखाद्या कादंबरीत लिहिलं असतं तर प्रकाशकानं पहिल्याच प्रकरणावर लाल खूण केली असती. वाचक यावर विश्वास ठेवणार नाहीत, असं वर ऐकवलं असतं. पण ग्रॅहॅम हिल नावाचा माणूस खरोखर होऊन गेला. फर्राटेदार मिशा, विंचरून मागं वळवलेले केस आणि चेहऱ्यावर सदैव खट्याळ हसू. साठीच्या दशकात इंग्लंडमध्ये ज्यांना मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, अशा आजीबाईदेखील त्याला ओळखत.

त्याचा जन्म लंडनच्या हॅम्पस्टेड भागातला, १५ फेब्रुवारी १९२९ चा. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, १४ एप्रिलला, भूमध्य समुद्राच्या काठावरच्या मोनॅको नावाच्या चिमुकल्या संस्थानात एक विचित्र शर्यत भरली. हे संस्थान केवढं, तर जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं. आपल्याकडच्या एखाद्या महानगरपालिकेच्या वॉर्डात मावेल एवढं. शर्यतीसाठी वेगळं मैदान आणायचं कुठून? तेव्हा अँतोनी नोगेस या गृहस्थानं गावातले नेहमीचे रस्तेच घेतले. बंदरावरून निघायचं, चढावरून जुगाराच्या प्रसिद्ध कॅसिनोपाशी यायचं, हॉटेलांच्या बाजूनं उतरायचं, एका अंधाऱ्या बोगद्यातून सुसाट बाहेर पडायचं आणि पुन्हा बंदराच्या धक्क्यावर. एका अंगाला दुकानांचे फुटपाथ, दुसऱ्या अंगाला समुद्र. १९५५ साली अल्बेर्तो अस्कारी हा जगज्जेता गाडीसकट त्या समुद्रात पडला होता. पोहून बाहेर आला आणि चारच दिवसांनी दुसरीकडे गाडी चालवताना मेला.

तर हा रस्ता आणि हा माणूस, दोघंही एका वर्षाचे.

हिलच्या घरची परिस्थिती बेताची नव्हती, पण शर्यतीच्या गाड्या बाळगण्याइतकी तर मुळीच नव्हती. त्यानं उपकरणं बनवणाऱ्या स्मिथ्स या कंपनीत उमेदवारी केली, मग सक्तीची लष्करी सेवा म्हणून नौदलात इंजिन विभागात काम केलं. तरुणपणी मोटारसायकलच्या अपघातात डाव्या मांडीचं हाड मोडलं आणि तो पाय कायमचा थोडा आखूड राहिला. त्याचा खरा छंद होता होडी वल्हवण्याचा. लंडन रोइंग क्लबच्या आठ वल्हेकऱ्यांच्या संघात तो असे. पुढं त्याच्या गडद निळ्या हेल्मेटवर चहूबाजूंनी जे पांढरे पट्टे दिसत, ती या क्लबच्या वल्ह्यांची पाती. बेट, म्हणजे त्याची बायको, तीही वल्हवणारी. नदीकाठीच जमलेलं लग्न म्हणायचं.

१९५३ साली त्यानं एक जुनी गाडी घेतली आणि चालवायला शिकला. पुढच्या वर्षी एका जाहिरातीवर त्याची नजर गेली. ब्रँड्स हॅच इथं शर्यतीची गाडी चालवून पाहा, एका फेरीला पाच शिलिंग. त्यानं एक पौंड मोजला आणि चार फेऱ्या मारल्या. त्या चार फेऱ्यांनी त्याचं डोकं फिरलं. बऱ्यापैकी चाललेली नोकरी त्यानं सोडली आणि एका शर्यत शिकवणाऱ्या शाळेत फुकट मेकॅनिकगिरी पत्करली. मोबदला एवढाच, की अधूनमधून गाडी चालवायला मिळावी. मी चौतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. दर महिन्याच्या पगारावर ज्याचं काळीज धडधडतं, त्याच्या पोटात हे वाचतानाही गोळा येतो.

त्याच सुमारास, ऑगस्ट १९५४ मध्ये, एका शर्यतीनंतर लंडनला परतायला त्याच्या खिशात फारसे पैसे नव्हते. लोटस कंपनी नुकतीच उभी करणारा कॉलिन चॅपमन आपल्या सहकाऱ्यासह गाडीतून निघाला होता. हिल सरळ त्यांच्या गाडीत बसला. चॅपमनला वाटलं हा सहकाऱ्याचा मित्र, सहकाऱ्याला वाटलं हा चॅपमनचा, असं सांगतात. लंडन येईपर्यंत ओळख झाली आणि पुढं त्याला दिवसाला एक पौंड मजुरीवर लोटसमध्ये काम मिळालं. गिअरबॉक्स दुरुस्त करता करता त्यानं चॅपमनच्या इतकं मागं लागून घेतलं, की शेवटी १९५८ साली त्याला ग्रां प्रीच्या गाडीत बसवण्यात आलं. पहिली शर्यत कोणती? मोनॅकोची. गाडी अर्थातच शेवटपर्यंत टिकली नाही. लोटसच्या गाड्या त्या काळी वेगवान होत्या, पण टिकण्याबाबत त्यांची ख्याती वेगळीच होती.

त्याचा समकालीन जिम क्लार्क. स्कॉटलंडचा शेतकरी. क्लार्कच्या हातात उपजत जादू होती. तो गाडीत बसला की गाडी आपोआप पळते असं बघणाऱ्याला वाटे. हिलचं तसं नव्हतं. प्रत्येक शाखेत एक असा कारकून असतो की ज्याची खतावणी पहिल्या बेरजेला जुळते, आणि दुसरा रात्री नऊपर्यंत मान मोडून बसतो तेव्हा कुठं चार पैशांचा फरक सापडतो. हिल हा दुसरा. त्याच्याजवळ एक वही असे. कुठल्या गावी, कुठल्या हवेत, स्प्रिंग किती ताठ ठेवली, टायरात हवा किती भरली आणि त्यानं काय फरक पडला, सगळं तो त्यात टिपून ठेवी. मेकॅनिकांना तो शेवटच्या क्षणापर्यंत बदल करायला लावी. ते वैतागत, पण जीव टाकून काम करत. कबूल करतो, माझा ओढा या खतावणीवाल्यांकडेच आहे.

१९६० साली तो बीआरएम संघात गेला. हा संघ वर्षानुवर्षं नुसता खर्चाचा खड्डा होता. मालक आल्फ्रेड ओवेन यांनी १९६२ साठी बजावलं, यंदा निदान दोन शर्यती जिंका, नाहीतर दुकान बंद. हिलनं चार जिंकल्या आणि वर्षअखेरीला, २९ डिसेंबरला, दक्षिण आफ्रिकेत क्लार्कच्या गाडीतलं तेल गळाल्यावर जगज्जेतेपदही घेतलं. त्या वर्षी मोनॅकोत मात्र तो पुढं असताना अगदी थोड्या फेऱ्या राहिल्या आणि इंजिननं मान टाकली.

ती कसर त्यानं १९६३ आणि १९६४ मध्ये मोनॅको जिंकून भरून काढली. पण सांगण्यासारखी शर्यत १९६५ ची. त्या काळी मोनॅकोत शंभर फेऱ्या असत. गिअर हातानं बदलायचे. एका फेरीत वीस-पंचवीस वेळा म्हटलं तरी शर्यत संपेतो दोन हजारांवर वेळा हात त्या दांडीवर आपटणार. हिल पुढं होता. चोवीस फेऱ्या झाल्या होत्या. बोगद्यातून बाहेर पडून बंदरावरच्या अरुंद वळणाशी येतो तो समोर एक बिघडलेली गाडी रेंगाळत चाललेली. धडक टाळायला त्यानं गाडी बाजूच्या मोकळ्या रस्त्यात घातली आणि कचकन थांबवली. मागं घ्यायला वेळ नव्हता. मग हा माणूस खाली उतरला, आखूड पायानं रेटा देत गाडी स्वतः ढकलत रस्त्यावर आणली, पुन्हा आत बसला, इंजिन चालू केलं आणि निघाला. तोवर तो पाचवा झाला होता, अर्ध्या मिनिटाच्या आसपास मागं. आणि हे मोनॅको. तिथं पुढच्या गाडीला ओलांडायला आजही जागा मिळत नाही. पुढं गेलेल्यांपैकी एकाची गाडी गिरकी खाऊन मागं पडली, एकाचं इंजिन गेलं, फेरारीचे दोघे मात्र त्यानं स्वतः मागं टाकले आणि वेगवान फेरीचा विक्रम करत शर्यत जिंकली. राजे रेनिए आणि त्यांची राणी ग्रेस केली (हो, तीच, हॉलिवुडची) यांच्याकडून लागोपाठ तिसऱ्या वर्षी चषक घेताना तो आपल्या घरच्या समारंभात उभा असल्यासारखा दिसतो.

१९६६ मध्ये अमेरिकेतली इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत त्यानं जिंकली. त्या बक्षिसाच्या रकमेतून त्यानं पायपर अझ्टेक जातीचं दोन इंजिनांचं एक छोटं विमान घेतलं. या विमानाकडे आपल्याला परत यायचं आहे.

१९६७ साली तो पुन्हा लोटसमध्ये, आता क्लार्कच्या जोडीला. ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीत हॉकेनहाइमला एका दुय्यम शर्यतीत क्लार्कची गाडी झाडांवर आदळली. ज्याला काही होऊच शकत नाही असं सगळे समजत, तोच गेला. चॅपमन खचला, संघ सुन्न झाला. अशा वेळी वयानं एकोणचाळिशीच्या या गड्यानं संघ अक्षरशः खांद्यावर घेतला. पुढची स्पेनमधली शर्यत त्यानं जिंकली, लगेच मोनॅको जिंकली आणि वर्षअखेरीस दुसरं जगज्जेतेपद. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी हीच. १९६९ मध्ये मोनॅकोत पाचवा विजय. त्याला मिस्टर मोनॅको म्हणू लागले ते उगाच नव्हे.

खरं तर इथं थांबायचं. पण थांबायचं कधी, हे खेळाडूला आणि लेखकालाही कळत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला गाडी गिरकी खाऊन बंद पडली, त्यानं खाली उतरून ती ढकलून चालू केली, पण परत बसल्यावर पट्टे आपले आपल्याला बांधता येईनात. तसाच निघाला. टायर गेला, गाडी उलटली, तो बाहेर फेकला गेला, दोन्ही पाय मोडले. पाच महिन्यांनी दक्षिण आफ्रिकेत तो पुन्हा शर्यतीत होता आणि सहावा आला. शेवटी त्याला उचलून गाडीबाहेर काढावं लागलं. १९७२ साली हेन्री पेस्कारोलोबरोबर त्यानं फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. मोनॅको, इंडियानापोलिस आणि ल मां या तिन्ही जिंकणारा माणूस आजवर तो एकटाच.

पुढं त्यानं स्वतःचा संघ काढला. एका सिगारेट कंपनीचा पैसा, आधी दुसऱ्यांच्या, मग स्वतःच्या गाड्या. एप्रिल १९७५ मध्ये बार्सिलोनाच्या मोंजुईक बागेतल्या रस्त्यांवर त्याच्या संघाच्या गाडीचा मागचा पंख तुटला, गाडी उडाली आणि त्यात काही माणसं प्राणाला मुकली. पुढच्याच महिन्यात मोनॅकोत, ज्या रस्त्यांचा तो राजा, तिथं त्याला शर्यतीत भाग घेण्याइतकीही वेळ नोंदवता आली नाही. जुलैत त्यानं निवृत्ती जाहीर केली. १७६ ग्रां प्री, १४ विजय. गाडी त्यानं टोनी ब्राइज या तेवीस वर्षांच्या पोराच्या हाती दिली. पोरगा अतिशय गुणी होता.

२९ नोव्हेंबर १९७५. फ्रान्समध्ये नव्या गाडीची चाचणी आटोपून हिल आपल्या विमानानं परत येत होता. चालवत होता तो स्वतः. बरोबर ब्राइज, गाडीचा आराखडा करणारा, संघाचा व्यवस्थापक आणि दोन मेकॅनिक. लंडनच्या उत्तरेला एल्स्ट्रीच्या धावपट्टीवर दाट धुकं होतं. उतरता उतरता विमान आर्क्लीच्या गोल्फ मैदानात झाडांना लागलं आणि पेटलं. सहाही जण गेले. संपूर्ण संघच एका संध्याकाळी नाहीसा झाला.

मग चौकशी झाली आणि कागद बाहेर आले. विमानाची मूळची अमेरिकन नोंदणी रद्द झाली होती आणि ब्रिटनमध्ये ती केलेलीच नव्हती. म्हणजे कागदोपत्री ते विमान कुठल्याच देशाचं नव्हतं. धुक्यात नुसत्या उपकरणांच्या भरवशावर विमान नेण्याच्या त्याच्या परवान्याची मुदत संपली होती. साहजिकच विमा लागू झाला नाही. मृतांच्या कुटुंबीयांनी भरपाईचे दावे केले ते हिलच्या मालमत्तेवर. करतील नाहीतर काय? त्यांचेही संसार उघडे पडले होते.

कर्जखात्याच्या टेबलावर मी बरीच वर्षं होतो. तारण गाडीच्या विम्याची मुदत संपण्याआधी पंधरा दिवस कर्जदाराला पत्र जायचंच, हा आमचा नेम. एका मालवाहतूकदारानं अशी दोन पत्रं फाडून टाकली होती. ट्रक घाटात कोसळला तो मुदत संपून आठवडा झाल्यावर. त्याची बायको काउंटरपाशी आली, तिच्या हातात ती जुनी पॉलिसी होती आणि ती शिक्का बघा, शिक्का बघा, असं म्हणत होती. त्यामुळं हिलच्या चाहत्यांनी या प्रकरणावर घातलेलं पांघरूण मला मान्य नाही. स्प्रिंगचा पाव इंच वहीत टिपणाऱ्या माणसाला ही एक तारीख टिपता आली नाही असं नाही. त्यानं ती टिपली नाही. आणि त्याच्या भरवशावर पाच माणसं मागं बसली होती. त्याच्या धैर्याबद्दल मी जेवढं आदरानं लिहिलं, तेवढंच हेही लिहायला हवं.

बेटनं राहतं मोठं घर विकलं, मुलांना घेऊन लहान घरात गेली. पंधरा वर्षांचा मुलगा डेमन पुढं लंडनमध्ये मोटारसायकलवरून पाकिटं पोचवण्याचं काम करू लागला आणि फावल्या वेळात शर्यतीत उतरला. बापासारखंच उशिरा. ग्रां प्रीपर्यंत पोचला तेव्हा तिशी उलटली होती. हेल्मेट मात्र त्यानं तेच ठेवलं, गडद निळं, पांढऱ्या वल्ह्यांचं.

१९९३ साली मोनॅकोत आयर्टन सेनानं सहावी शर्यत जिंकली आणि ग्रॅहॅम हिलचा चोवीस वर्षांचा विक्रम मोडला. दुसऱ्या क्रमांकावर होता डेमन हिल. १९९६ मध्ये तो त्या रस्त्यांवर निर्धास्त आघाडीवर असताना बोगद्याजवळ इंजिननं दगा दिला. मोनॅको त्याला कधीच मिळालं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात जपानमध्ये तो जगज्जेता झाला. बाप आणि मुलगा दोघेही जगज्जेते, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. बेट ते बघायला हयात होती. त्यानंतरही ती वीसहून अधिक वर्षं जगली आणि २०१७ साली गेली.