रेडियमच्या आधीचे क्युरी

क्युरी म्हटलं की आपल्याला मादाम क्युरी आणि रेडियम आठवतं. पण लॅबमध्ये अल्ट्रासॉनिक टेस्टिंगचा प्रोब हातात घेतला, की मला आठवतात त्यांचे पती पिएर.

पिएर क्युरी यांचा जन्म १५ मे १८५९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील डॉक्टर. पिएर लहानपणी शाळेत गेलेच नाहीत, घरीच शिकले. कॉन्व्हेंटच्या शिस्तीत वाढलेल्या मला याचं भारी नवल वाटतं! अठराव्या वर्षी पदवी मिळाली, पण पुढे शिकायला पैसे नव्हते. म्हणून लॅब असिस्टंटची नोकरी धरली.

१८८० साली थोरला भाऊ जाक आणि पिएर यांनी दाखवून दिलं, की क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला की त्यावर विद्युतभार येतो. पुढच्याच वर्षी उलटही सिद्ध केलं : वीज दिली की स्फटिक किंचित आकार बदलतो. हीच पिझोइलेक्ट्रिसिटी. तेव्हा पिएर जेमतेम एकवीस वर्षांचे, म्हणजे आपल्याच वयाचे.

१८८२ पासून बावीस वर्षं त्यांनी पॅरिसच्या एका औद्योगिक विज्ञान शाळेत तुटपुंज्या पगारावर काम केलं. १८९५ मध्ये मारींशी लग्न झालं. मारींनी किरणोत्सर्ग मोजला तो या भावांच्याच क्वार्ट्झच्या उपकरणाने. १९०३ मध्ये नोबेल मिळालं. १९ एप्रिल १९०६ रोजी, भर पावसात रस्ता ओलांडताना, घोडागाडीखाली सापडून पिएर गेले.

त्यांचेच विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला क्वार्ट्झमधून अल्ट्रासाउंड काढला. १९२८ मध्ये रशियाच्या सोकोलोव्ह यांनी त्याच लहरींनी धातूतले दोष शोधायची कल्पना मांडली.

आता कॉम्पोझिटचं बघा. आमच्या नंदाखालपासून जवळच समुद्र. फायबरची होडी म्हणजे काचेच्या धाग्यांचे थर आणि रेझिन. विमानाच्या पंखात कार्बनचे धागे असतात. आत थर सुटले तरी वरून सगळं गुळगुळीत! कापून बघावं तर वस्तूच वाया. म्हणून जेल लावून प्रोब टेकवायचा. थर सुटले असतील तिथून प्रतिध्वनी लवकर परततो, वेळेवरून खोली कळते. माणसांचे जीव त्यावर अवलंबून असतात.

हे बघायला पिएर नव्हते. प्रत्येक प्रॅक्टिकलला ‘याचा प्लेसमेंटला काय उपयोग?’ असं विचारणाऱ्या आपण सगळ्यांनी त्यांची ती १८८० ची लॅब एकदा आठवून बघावी.