विजेची चळत रचणारे व्होल्टा

मला आवडणारे शास्त्रज्ञ म्हणजे अलेस्सांद्रो व्होल्टा. त्यांचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी इटलीतल्या कोमो गावी झाला.

त्या काळी गॅल्व्हानी यांना दिसलं, की मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातू लावले की पाय उडतो. वीज बेडकातच आहे, असं ते म्हणाले. व्होल्टांना पटेना. वीज दोन धातूंमुळे येते, असं त्यांचं मत. पण नुसता वाद घालून काय होणार? त्यांनी बेडूकच बाजूला ठेवला. चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची, वर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. पुन्हा तोच क्रम. एका जोडीची वीज अगदी थोडी. पण चळत उंच होताच हाताला झटका बसू लागला! १८०० साली त्यांनी ही बॅटरी जगाला कळवली.

आपण रेडिओत एकापुढे एक सेल घालतो, ती हीच युक्ती. त्याने व्होल्ट वाढतात. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला करंट जास्त लागतो. तेव्हा सारख्या बॅटऱ्या शेजारी ठेवून धनाला धन, ऋणाला ऋण जोडतात.

५ मार्च १८२७ रोजी व्होल्टा वारले. १८८१ साली विजेच्या मापाला त्यांच्यावरून 'व्होल्ट' हे नाव मिळालं. सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेलं असतं. तुम्ही पण बघा!