गिटारीचे गुरु फादर गास्पार सान्झ

आमच्या देवळांतील गायकवृंदांत गिटार घेऊन बसणाऱ्या मुलांची एक खोड मला चांगली ठाऊक आहे. वाद्य हातीं आलें कीं दुसऱ्याच आठवड्यांत त्यांस लीड वाजवावयाचें असतें. गाणाऱ्यांस ताल धरून देणें, ज्यास तीं ऱ्हिदम म्हणतात, हें त्यांस हलकें काम वाटतें. तेव्हां ह्या महोत्सवाच्या अंकांत त्यांच्यासाठीं, आणि त्यांच्या आईबापांसाठींही, एका धर्मगुरूचें चरित्र द्यावें असें मनांत आलें.

स्पेन देशांतील आरागॉन प्रांतांत कालांदा नांवाचें गांव आहे. तेथें ४ एप्रिल १६४० रोजीं एका बालकाचा बाप्तिस्मा होऊन त्याचें नांव फ्रान्सिस्को बार्तोलोमे असें ठेविलें गेलें. हेच पुढें गास्पार सान्झ ह्या नांवानें प्रसिद्धीस आले. त्याच्या सहाच दिवस आधीं, २९ मार्च रोजीं, त्याच गांवीं मिगेल हुआन पेल्लिसेर ह्या तरुणास कापलेला पाय पिलारच्या मातेच्या मध्यस्थीनें परत मिळाला, आणि पुढील वर्षीं सारागोसाच्या आर्चबिशपांनीं चौकशीअंतीं तो चमत्कार मान्य केला. अशा गडबडीच्या आठवड्यांत हें लेंकरूं देवळांत आणिलें गेलें. गांवांत त्या दिवशीं दुसरें बोलणें काय असेल!

मोठेपणीं त्यांनीं सालामांका येथील विद्यापीठांतून ईश्वरविज्ञानाची पदवी मिळविली. नंतर ते इटलीस गेले. नेपल्स व रोम येथील नामांकित गवई व वादक त्यांनीं ऐकिले, आणि रोममध्यें लेलिओ कोलिस्ता ह्या गुणी वादकापाशीं बसून ते शिकले. त्या काळीं स्पेनमध्यें गिटार म्हणजे मुख्यत्वें हात फिरवून झणकारण्याचें वाद्य; इटलींतील उस्ताद मात्र एकेक तार बोटानें छेडून तीवर बारीक काम करीत. ह्या दोन रीतींचा मेळ घालणें हेंच सान्झ ह्यांच्या आयुष्यांतील मोठें कार्य होय.

मायदेशीं परतल्यावर १६७४ सालीं सारागोसा येथें त्यांचें गिटारशिक्षणाचें पुस्तक छापून निघालें. तें त्यांनीं राजा चौथा फिलिप ह्याचा पुत्र डॉन हुआन ह्यास अर्पण केलें. पूर्वीच्या उस्तादांनीं आपापल्या चिजा छापिल्या, परंतु नवशिक्यास नियम सांगितले नाहींत, ही त्यांची तक्रार होती. म्हणून तारा निवडाव्या कशा, पडदे बांधावे कोठें, सूर जुळवावे कसे, येथून ते आरंभ करितात. त्या वेळच्या गिटारीस आजच्यासारख्या सहा तारा नव्हत्या. तांतीच्या पांच जोड्या असत. मोठ्या आवाजाची साथ करावयाची असेल तर चौथ्या व पांचव्या जोडींत जाड तांत लावावी, आणि नाजूक छेड काढावयाची असेल तर सर्व बारीक तांतीच ठेवाव्या, असा त्यांचा सल्ला आहे. बारीक तांतींवर लागोपाठचे सूर निरनिराळ्या जोड्यांवर घेतले म्हणजे ते एकमेकांत मिसळून घंटानादासारखे घुमतात.

पुस्तकाचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रथम कॉर्डांची अक्षरें शिकावयाचीं. इटालियन रीतीच्या त्या अक्षरमालेंत पहिली खूण क्रुसाची आहे. मग रेघेखालीं व रेघेवर लहान खुणा करून हात केव्हां खालीं मारावा व केव्हां वर आणावा हें दाखविलें आहे. लोकांच्या परिचयाचे नाच प्रथम अशा रीतीनें नुसत्या झणकारावर वाजवावयाचे. तो हात बसल्यावर मग एकेका तारेवरील काम येतें. तेथें उजव्या हाताचीं बोटें आळीपाळीनें चालवावीं, आणि डाव्या हाताचें बोट गरज संपेपर्यंत तारेवरून उचलूं नये, हे नियम त्यांनीं घालून दिले. सुरास कंप देणें, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणें, ह्या शोभेच्या गोष्टी त्यानंतरच्या. आमचीं मुलें नेमकीं ह्याच्या उलट्या क्रमानें जातात! गिटार अपुरें वाद्य आहे म्हणणाऱ्यांस सान्झ ह्यांचें उत्तर असें कीं, दोष असेल तर तो वाजविणाऱ्याच्या हातांत. ज्यास दुसरीकडे ऑर्गन लागावा तें काम एका तारेवर करणारे लोक आपण पाहिले आहेत.

ग्रंथाचा खप चांगला झाला. दुसरा व तिसरा भाग जोडला गेला आणि १६९७ पर्यंत आठ वेळां तो छापला गेला. लुकास रुईस दे रिबायास ह्या दुसऱ्या एका धर्मगुरूनें तर १६७७ च्या आपल्या पुस्तकांत त्यांतील मजकूर खुशाल उतरून घेतला.

ह्यापुढें सान्झ ह्यांची लेखणी दुसऱ्या विषयांकडे वळलेली दिसते. येशूसंघीय फादर बार्तोली ह्यांच्या एका इटालियन ग्रंथाचें त्यांनीं स्पॅनिशमध्यें भाषांतर केलें. तें १६७८ मध्यें माद्रिद येथें निघालें. पोप अकरावे इनोसंट ह्यांच्या स्तुतिपर एक ग्रंथही त्यांनीं लिहिला. १७१० मध्यें माद्रिद येथें ते निवर्तले.

पांच जोड्यांची गिटार मागें पडली, सहा तारांची आली, आणि दीडदोनशें वर्षें सान्झ ह्यांच्या चिजा जवळजवळ कोणी वाजविल्या नाहींत. विसाव्या शतकांत त्या पुन्हां वर आल्या. होआकिन रोद्रिगो ह्या अंध स्पॅनिश संगीतकारानें १९५४ मध्यें त्यांच्याच चाली घेऊन गिटार व वाद्यवृंदासाठीं एक रचना केली, आणि १९५८ मध्यें अमेरिकेंतील सान फ्रान्सिस्को येथें आंद्रेस सेगोव्हिया ह्यांनीं ती प्रथम वाजविली. तिचा शेवट कानारिओस ह्या नाचावर होतो. त्यांत सहा मात्रांचे कधीं दोन भाग पडतात, कधीं तीन. आमच्या एका मुलानें मूळ चीज गेल्या पावसाळ्यांत बसवावयास घेतली होती. सूर सारे बरोबर होते, पण प्रत्येक वेळीं तिसऱ्या ओळींत ताल सुटे. शेवटीं त्याच्या बहिणीनें शेजारीं बसून टाळी धरली, आणि महिनाभर तो केवळ टाळीवर कॉर्ड वाजवीत राहिला.