विश्लेषण : महाविद्यालयीन बास्केटबॉलचे ‘पहिले पाच’ कसे ठरायचे? प्रशिक्षक अडॉल्फ रप यांची कथा

अमेरिकेत दर नोव्हेंबरमध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलचा मोसम सुरू होतो. त्याआधी चाहत्यांत एकच चर्चा असते : सुरुवातीला कोर्टवर कोणते पाच खेळाडू उतरणार? संघ नवखा असेल, तर अंदाज आणखी कठीण. केंटकी विद्यापीठात १९३० ते १९७२ या काळात हे पाच जण अडॉल्फ रप निवडत.

रप कोण होते?

जन्म २ सप्टेंबर १९०१, कॅन्सस राज्यातील हॉलस्टेड येथे, शेतकरी कुटुंबात. कॅन्सस विद्यापीठाच्या संघात ते होते, पण राखीव खेळाडू म्हणून. पुढे प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी ८७६ सामने जिंकले आणि केंटकीला १९४८, १९४९, १९५१ व १९५८ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले.

नवख्यांना जागा होती का?

रप यांच्या कारकिर्दीत बहुतेक काळ पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे. त्यांचा वेगळा संघ असे. त्यामुळे दुसऱ्या वर्षात आलेला खेळाडू थेट पहिल्या पाचांत बसेल का, हे प्रशिक्षकाला ताडावे लागे. १९६५-६६ मध्ये रप यांनी दुसऱ्या वर्षाच्या थॅड जॅरॅझला थेट पहिल्या पाचांत घेतले. त्या पाचांत साडेसहा फूट उंचीचाही कोणी नव्हता आणि आदल्या मोसमात संघाने १० सामने गमावले होते. तरीही संघ अंतिम फेरीत पोहोचला.

१९६६ च्या अंतिम सामन्यात काय घडले?

१९ मार्च १९६६ रोजी केंटकीसमोर टेक्सस वेस्टर्न होते. त्यांचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी पाचही कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले. केंटकीचा संपूर्ण संघ गोरा होता. टेक्सस वेस्टर्न ७२-६५ असे जिंकले. खेळाडूची निवड गुणांवर होते की रंगावर, हा प्रश्न त्या निकालाने साऱ्या देशापुढे आला.

रप यांची भूमिका काय होती?

वेस अनसेल्डसारख्या कृष्णवर्णीय खेळाडूंना त्यांनी त्याआधीच विचारणा केली होती. पण ती किती मनापासून होती, यावर आजही वाद आहे. केंटकीच्या मुख्य संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, टॉम पेन, १९७० मध्ये आला. म्हणजे तोवर पहिल्या पाचांचा अंदाज बांधणाऱ्यांपुढे निम्मी यादी आधीच खोडलेली होती.

शेवट कसा झाला?

सत्तरीच्या वयोमर्यादेमुळे १९७२ मध्ये त्यांना इच्छेविरुद्ध निवृत्त व्हावे लागले. त्याच वर्षी सुरू झालेल्या मोसमापासून पहिल्या वर्षाच्या खेळाडूंना मुख्य संघाची दारे खुली झाली. १० डिसेंबर १९७७ रोजी रप यांचे निधन झाले. त्याच रात्री केंटकीने कॅन्ससला त्यांच्याच मैदानावर हरवले. रप ज्या संघात राखीव होते, तो हाच संघ.