गिजुभाई बधेका : बालकांच्या वाचनाचा पाया घालणारा शिक्षक

तीन-चार वर्षांच्या मुलाला घरी पाटी-पेन्सिल देऊन अक्षरे गिरवायला बसवावे, की त्याला खेळू द्यावे, हा प्रश्न आजही असंख्य पालकांना पडतो. शेजारचे मूल बाराखडी म्हणू लागले की आपले मूल मागे पडले, असे घरात वाटू लागते. सुमारे शंभर वर्षांपूर्वी सौराष्ट्रातील एका वकिलाला आपल्या मुलाच्या शिक्षणाची अशीच चिंता लागली होती. त्या चिंतेतून भारतातील बालशिक्षणाचा एक महत्त्वाचा अध्याय लिहिला गेला. ते वकील म्हणजे गिरिजाशंकर भगवानजी बधेका, अर्थात गिजुभाई.

गिजुभाईंचा जन्म 15 नोव्हेंबर 1885 रोजी सौराष्ट्रातील चितळ या गावी झाला. त्यांचे शालेय शिक्षण त्या काळच्या रीतीप्रमाणे छडी आणि घोकंपट्टी यांच्या धाकात झाले. पुढे उदरनिर्वाहासाठी 1907 मध्ये ते पूर्व आफ्रिकेत गेले. तेथून परतल्यावर त्यांनी मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण येथे वकिली सुरू केली. व्यवसायात त्यांचा जम बसत होता. 1913 मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव नरेंद्र.

मुलगा वाढू लागला तशी गिजुभाईंना त्याच्या शाळेची काळजी वाटू लागली. ज्या शाळेच्या आठवणी स्वतःला नकोशा वाटत होत्या, तशाच शाळेत मुलाला पाठवायला त्यांचे मन तयार होईना. वेगळी वाट शोधण्यासाठी ते खेडा जिल्ह्यातील वसो येथे गेले. तेथे मोतीभाई अमीन यांच्याकडून त्यांना इटलीतील डॉ. मारिया मॉंटेसरी यांच्या कार्याविषयीचे साहित्य मिळाले. मोतीभाई हे बडोदे संस्थानातील वाचनालय चळवळीचे एक आद्य कार्यकर्ते होते. बालकांच्या वाचनाची वाट गिजुभाईंना अशा प्रकारे एका ग्रंथप्रेमी माणसाने दाखवली, हा योगायोग लक्षणीय आहे.

डॉ. मॉंटेसरी यांनी 1907 मध्ये रोम शहरातील कष्टकरी वस्तीत आपले पहिले बालगृह सुरू केले होते. लहान मूल शिकते ते हाताने, डोळ्यांनी आणि कानांनी. त्याला योग्य साधने आणि मोकळीक दिली तर ते आपण होऊन शिकते, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. या विचाराने गिजुभाई भारावून गेले. भावनगर येथे नानाभाई भट्ट यांनी 1910 मध्ये दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवन ही संस्था सुरू केली होती. 1916 मध्ये गिजुभाई वकिली सोडून या संस्थेत दाखल झाले. आरंभी त्यांनी मोठ्या विद्यार्थ्यांना शिकवले. मात्र शिक्षणाचा खरा पाया त्याआधीच्या वयात घातला जातो, अशी त्यांची खात्री पटत गेली. त्यातूनच 1920 मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिराचा जन्म झाला.

अडीच ते सहा वर्षे वयाची मुले या बालमंदिरात येत. तेथे मार नव्हता, बक्षीस नव्हते आणि परीक्षाही नव्हती. मुले आपली नखे कापलेली आहेत का ते पाहत, हात धूत, झाडलोट करीत, माती आणि रंग हाताळीत, गाणी म्हणत, नाटके करीत. बाहेरून पाहणाऱ्याला यात शिक्षण कोठे आहे, असा प्रश्न पडे. परंतु वाचनाची पूर्वतयारी नेमकी याच कामांमधून होत असे. बोटांना वळण लागत होते, कान आवाजांतील सूक्ष्म फरक टिपत होते आणि सांगण्याजोगे अनुभव मुलांपाशी जमा होत होते.

मॉंटेसरी पद्धतीत अक्षरओळखीचा क्रम ठरलेला असतो. खरखरीत कागदातून कापलेली अक्षरे पुठ्ठ्यावर चिकटवलेली असतात. मूल त्यांवरून लिहिण्याच्या दिशेने बोटे फिरवते आणि त्याच वेळी त्या अक्षराचा ध्वनी ऐकते व उच्चारते. अशा रीतीने आकार, स्पर्श आणि ध्वनी यांची मनात एकत्र गाठ पडते. त्यानंतर सुटी अक्षरे जुळवून मूल स्वतःच्या तोंडचा शब्द मांडते. हात अद्याप पेन्सिल चालवण्याइतका स्थिर झालेला नसला तरी शब्दरचना अडत नाही. त्यामुळे या पद्धतीत लेखन आधी येते आणि वाचन त्यामागून येते. पुढे वस्तूंची नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या मुलाला दिल्या जातात. ते चिठ्ठी वाचते आणि त्या वस्तूजवळ नेऊन ठेवते. वाचलेल्या शब्दाला अर्थ असतो, हे त्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

भारतीय लिपींना ही पद्धत सोयीची ठरते. गुजराती किंवा मराठी अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार यांत फारसे अंतर नसते. त्यामुळे ध्वनीवरून अक्षराकडे जाणारे मूल लवकर शब्द वाचू शकते. अडचण येते ती काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरे यांची. म्हणून सगळी बाराखडी पाठ होईपर्यंत थांबण्याऐवजी मोजकी अक्षरे घेऊन अर्थपूर्ण शब्द तयार करणे मुलाच्या अधिक हिताचे असते.

गिजुभाईंनी मॉंटेसरी विचार स्वीकारला, पण त्याची नक्कल केली नाही. महागडी परदेशी साधने गरीब देशातील बालमंदिरांना परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी स्थानिक आणि स्वस्त साधनांवर भर दिला. कथेच्या बाबतीत तर त्यांची वाट अगदी निराळी होती. फार लहान मुलांना परीकथा आणि अद्भुत कथा सांगण्याबद्दल डॉ. मॉंटेसरी साशंक होत्या. गिजुभाईंनी मात्र लोककथांना बालशिक्षणात मानाचे स्थान दिले. त्यांनी सौराष्ट्रातील कथा गोळा केल्या, मुलांना झेपेल अशा भाषेत लिहिल्या आणि कथाकथनाच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथही लिहिला. ज्या मुलाने भरपूर कथा ऐकल्या आहेत, त्याला पुस्तकात काय दडले आहे ते ठाऊक असते आणि ते आपणहून पुस्तकाकडे वळते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. मुलांवरील त्यांच्या मायेमुळे आणि भरघोस मिशांमुळे लोक त्यांना मिशीवाली आई या अर्थाचे मुछाळी मा हे नाव प्रेमाने देऊ लागले.

त्यांची लेखनसंपदाही मोठी आहे. 1930 च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेले दिवास्वप्न हे त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक. चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करणाऱ्या एका शिक्षकाची ती कल्पित कहाणी आहे. पहिल्याच दिवशी या शिक्षकाचा शांततेचा खेळ साफ फसतो आणि मग तो कथेचा आधार घेतो. ठरावीक पाठ्यपुस्तकांवर खर्च करण्याऐवजी तो वर्गात छोटे वाचनालय उभे करतो. पालकांची नाराजी, सहकाऱ्यांची थट्टा आणि अधिकाऱ्यांची शंका यांना तोंड देत त्याचा प्रयोग पुढे सरकतो. हिंदीसह अनेक भारतीय भाषांत हे पुस्तक पोहोचले असून शिक्षक प्रशिक्षणात ते आवर्जून वाचले जाते.

आई-बाप होणे किती कठीण आहे, हे सांगणारे पुस्तकही त्यांनी लिहिले. मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी शाळेवर सोपवून पालक मोकळे होऊ शकत नाहीत, असे ते मानत. मात्र घराची दुसरी शाळा करावी, असा त्याचा अर्थ नव्हता. मुलाचे बोलणे लक्ष देऊन ऐकणे, त्याच्या प्रश्नांना खरी उत्तरे देणे, त्याला घरकामात सहभागी करून घेणे आणि भीती व आमिष या दोहोंपासून त्याला दूर ठेवणे, हे घराचे काम होते.

महाराष्ट्राशी गिजुभाईंचे नाते ताराबाई मोडक यांच्यामुळे जोडले गेले. 1892 मध्ये मुंबईत जन्मलेल्या ताराबाई 1920 च्या दशकात भावनगरला गिजुभाईंच्या कार्यात सहभागी झाल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षणपत्रिका या मासिकातून हा विचार गुजरातीप्रमाणेच मराठी घरांतही पोहोचला. 1936 मध्ये ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार सुरू केला. पुढे 1945 मध्ये बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांपर्यंत बालवाडी नेली. मूल अंगणवाडीत येत नसेल तर अंगणवाडीनेच मुलाच्या अंगणात जावे, हा तेथील प्रयोग देशभर परिचित झाला. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण सन्मान मिळाला.

गिजुभाईंनी 1936 मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेचा निरोप घेतला. 23 जून 1939 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय 53 वर्षांचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. मॉंटेसरी मद्रासमधील अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा भारतातील मुक्काम अनेक वर्षे लांबला. ज्यांच्या विचाराने गिजुभाईंनी आयुष्याची दिशा बदलली, त्या भारतात पोहोचल्या तेव्हा ते हयात नव्हते.

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 ने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला असून त्यात खेळ, कृती आणि मातृभाषा यांवर भर दिला आहे. गिजुभाईंनी 1920 मध्ये भावनगरला हेच सुरू केले होते. तरीही अनेक घरांत आजही चिमुकल्या बोटांत पेन्सिल लवकर येते आणि कथा उशिरा येते. मूल कोणत्या वयात पहिला शब्द वाचते, याची नोंद घरोघरी ठेवली जाते. वाचायला शिकल्यानंतर ते आनंदाने वाचते का, हा गिजुभाईंचा प्रश्न मात्र प्रत्येक पालकापुढे अजून उभा आहे.